परक्या भाषेतली तोंडी परीक्षा

सिंदेवाहीच्या घरी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला. "काकू, काका गेले." फोन ठेवून मी उरलेले तांदूळ निवडून संपवले.

महिना होऊन गेला. भेटायला येणारे ह्यांच्या वनखात्यातल्या नोकरीचं बोलतात. मला मात्र त्याआधीची वर्षं आठवतात, पन्नासच्या दशकातली, जेव्हा हे जर्मनीत होते आणि मी इथे, सासूबाईंजवळ. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांनी नागपूरला कॉलेजात इंग्रजी कसंबसं पचवलं, तोच वनशास्त्राची शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिकडे सगळं जर्मनमध्ये. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तिकडं तुह्याशी बोलन कोन रे, बापू?" हे हसले. "शिकीन ना, आई."

शिकले. पण पहिल्याच लेखी परीक्षेत नापास झाले. पुढे मला सांगत, "मले उत्तर येत होतं वं. पन आपल्या बोलीत येत होतं. त्याचं जर्मन करेपर्यंत घंटा झाली." पुन्हा नापास झाले असते तर तसंच परत यावं लागलं असतं. खोलीत एकटेच मोठ्यानं वाचत बसायचे, बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायचे; आठवडेच्या आठवडे मनातलं बोलायला माणूस नाही...

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेच्या सकाळीच माझं पत्र पोचलं. सासूबाई गेल्या होत्या. पत्र पोचेस्तोवर तेरवीही उरकली होती. पत्र खिशात घालून हे परीक्षकांपुढे बसले. प्रश्न सागाचा होता : वणव्यात जळालेलं रोप पुन्हा कसं फुटतं? ह्यांनी सुरुवात केली आणि बोलतच राहिले. वरचं जळते, मूळ जित्तं राह्यते, पानी आलं का... म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा ह्यांच्या ध्यानात आलं, आपण आपल्याच बोलीत बोलतो आहोत. प्राध्यापक रागावले नाहीत. पाणी पुढे केलं. म्हणाले, "तुम्हाला येतं, हे दिसतंय. आता आम्हाला कळेल असं सांगा." ह्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं पुन्हा सांगितलं. पास झाले.

पण सांगायचं कुणाला? घरमालकीणबाईंना सांगितलं, पास झालो; आणि आई गेली. बाई हात धरून एक लांबलचक शब्द बोलल्या. ह्यांना तो कळला नाही. वर खोलीत जाऊन शब्दकोशात शोधला. तुमच्या दुःखात मी सोबत आहे, असा काहीसा अर्थ होता. "तवा रडलो," हे म्हणाले होते.

परत आल्यावर वनखात्यात लागले; कधी मूल गावी, कधी कुरखेड्याला, अशा बदल्या होत राहिल्या. दौऱ्यावरून आले की खाटेवर आडवे होत आणि म्हणत, "बोल ना वं काई." मी काय बोलणार? शेजारणीची गाय व्याली, कुणाच्या धानाच्या बांधीतलं पाणी बांध फोडून गेलं... मी थांबले की लगेच, "मंग?" कधी कंटाळले नाहीत. आमचं भांडण झालं त्या दिवशीही "मंग?" चुकला नाही.

काल संध्याकाळी दिवा लावून ह्यांच्या रिकाम्या खाटेपाशी बसले. धान निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात, ह्या वर्षी चांगल्या भरतील, एवढं बोलून गेले आणि थांबले. बराच वेळ थांबले... पुढचं सांगितलंच नाही.