कळसूबाईची शेवटची शिडी आणि न आलेला रिलीव्हर

झालं ते आधी सरळ लिहिते.

१. बुधवारी आम्ही तिघं कळसूबाईला गेलो : मी, बाबा आणि बाबांचे मित्र सावंतकाका (नाव बदललं आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळेल).
२. रात्री शिखराखालच्या सपाटीवर तंबूत राहिलो.
३. गुरुवारी सूर्योदय उत्तम झाला.
४. तो मी पाहिला. ज्यांच्यासाठी गेलो होतो, त्या बाबांनी पाहिला नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकीच्यांच्या शनिवार-रविवारचा हेवा वाटतो, पण डोंगरावर गर्दी कमी मिळते. निदान तसा माझा समज होता.

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यांत त्यांचा सूर्योदय कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून झोपेत व्हायचा. ‘एकदा कळसूबाईवरून नीट बघायचा’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. आता गुडघे झिजलेत. डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच हिवाळ्यात, पुढच्या वर्षी विचारायलाही येऊ नका. म्हणून मी बुधवारची रजा टाकली.

सावंतकाका हा बाबांचा आग्रह. दोघं कारखान्यात एकाच लेथ मशीनवर होते, पण वेगवेगळ्या शिफ्टला. बाबा सुटायचे तेव्हा त्यांचे रिलीव्हर म्हणून काका हजर व्हायचे. आयुष्यभराची मैत्री, पण बोलणं रोज मशीन ताब्यात देताना होईल तेवढंच.

त्याची भरपाई दोघांनी माझ्या गाडीत केली. चिंचवडहून मोशीमार्गे निघालो आणि चाकण चौकात अडकलो. इकडून जाणार असाल तर उजाडायच्या आत चाकण ओलांडा.

“डावीकडनं काढ की,” बाबा म्हणाले.

“डावीकडे कंटेनर आहे, बाबा.”

“अगो, तू ऐकू नको त्याचं,” मागून काका. “मी बसवलेलं सेटिंग हा रोज बदलून ठेवायचा.”

“चुकीचं असायचं म्हणून बदलायचो.”

हे नारायणगावापर्यंत चाललं. तिथे मिसळ खाल्ली. काकांनी पहिल्याच घासाला त्यांच्या मालवणीत “ह्यात खोबऱ्याचं वाटण खंय आसा?” असं विचारलं आणि नंतर दोनदा रस्सा मागून घेतला. पुढे आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि पायथ्याचं बारी. राजूरनंतर पेट्रोलच्या भरवशावर राहू नका.

दुपारी चढायला लागलो. वाट सोपी आहे, पण अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. बाबा काठी टेकत, गुडघ्यांना पट्टे बांधून, सावकाश पण न थांबता चढले. काका मात्र प्रत्येक शिडीशी थांबून बुटाची नाडी बांधायचे आणि आम्हाला पुढे घालायचे. ‘एवढी नाडी सुटते तर गाठ मारा’ असं मी शेवटी म्हणाले. ते हसले नाहीत.

तंबू, रात्रीचं पिठलं-भाकरी आणि सकाळचे पोहे हे सगळं बारीतूनच सांगून ठेवता येतं. जेवण चांगलं होतं. शेजारच्या तंबूतल्या स्पीकरवरची गाणी चांगली नव्हती.

पहाटे काका म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.” शेवटच्या, सगळ्यात उंच शिडीशी बाबा थांबले. “तू वर जाऊन जागा धर. सावंत आला की आमी येतोच.”

मी गेले. जागा म्हणजे देवळाजवळचा एक खडक. त्यावर मी दोन पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि पुढचा सगळा वेळ त्या राखल्या.

“ताई, इथं कुणी बसलंय?”

“येतायत.”

समोर दोघांचं फोटो प्रकरण चालू होतं. “भावा, सूर्य तळहातावर घे ना!” “अरे सूर्य वर चाललाय राव, तू खाली बस!” “अजून किती खाली? दरीत जाऊ का?”

मी सूर्य पाहिला. खाली सगळीकडे पांढरे ढग भरले होते, त्यांच्या काठावर तो आधी चपटा दिसला, मग गोल झाला. शेजारी दोन बाटल्या. फोनला रेंज नव्हती. मी उतरले.

शिडीखाली दाट धुकं होतं. त्यात मफलर गुंडाळून बाबा, काठी टेकून, वाटेकडे बघत उभे.

“बाबा, सूर्य उगवलासुद्धा!”

“उगवू दे. सावंत आला न्हाई अजून.”

“मग तुम्ही यायचं ना वर!”

“रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते.”

“इथे मशीन कुठाय?”

त्यांनी मफलर नीट केला. मग म्हणाले, “एवढ्या वर्षांत तो एकदाबी चुकला न्हाई.”

तंबूशी काका पोहे खात बसले होते. “झाला बघून? मीच म्हटलं, बापलेकीने निवांत बघावा.” बोलताना नजर ताटलीत. माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. तेवढ्यात बाबांनी विचारलं, “पोहे गरम हायत का?” विषय संपला.

उतरताना पहिल्या शिडीशी काका नाडी बांधायला वाकले. बाबा काही न बोलता आधी खाली उतरले, दोन पायऱ्यांवर थांबले आणि वर हात करून काकांचा बूट धरला. “डावा सोड. हां. आता उजवा.” काकांचे डोळे घट्ट मिटलेले. प्रत्येक शिडीवर हेच. झिजल्या गुडघ्यांचा माणूस दुसऱ्याचे पाय पायरीवर ठेवत उतरत होता. परतताना चाकणला पुन्हा जाम होता.

घरी येऊन हिशोब लावला तर चीड अजून तशीच आहे. शिडीची भीती वाटते एवढं काकांनी तंबूतच सांगितलं असतं, तर बाबा वर आले असते. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते वैतागले आणि म्हणाले, महिना संपायच्या आत, शेवटचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “सावंत येणार असला तर बघू.” हे मला पटलेलं नाही. पण माझ्या पटण्यावर ते चालत नाहीत.

म्हणून काका, तुमची सून माझं इथलं लिखाण तुम्हाला वाचून दाखवते हे माहीत असल्याने इथेच लिहिते. येत्या गुरुवारी मी बाबांना पुन्हा नेते आहे. तुम्ही शिडी चढा किंवा खाली चहा पीत बसा, माझी हरकत नाही. फक्त काय करणार ते बाबांना आधी, तुमच्या तोंडाने सांगा, म्हणजे ते थांबणार नाहीत. येणार की नाही, हे मला मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवा.