परीक्षेत न येणारे प्रश्न

बाबांची बदली जयपूरला झाली, तेव्हा माझं बी.ए. नुकतंच संपलं होतं आणि पुढं काय, यावर घरात दोन मतं होती. आईचं मत लग्न, बाबांचं बी.टी. करून शिक्षिकेची नोकरी. मी तिसरंच काढलं: फिलॉसफीत एम.ए. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. बाबा हिशेबतपासणीच्या सरकारी खात्यात होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "त्याचं पुढं होतं काय?"

"ते शिकल्यावर कळेल," मी म्हटलं. का कोण जाणे, बाबांना ते पटलं.

वर्गात आम्ही पंधराएक जण होतो. नीतिशास्त्र शिकवायला जे प्रोफेसर आले, ते मूळचे अजमेरचे. सडपातळ, अंगात बंद गळ्याचा कोट आणि पँटला सायकलची क्लिप. ती काढायचं त्यांना कधी सुचतच नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी हजेरी घेतली, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "वर्षभराची हजेरी सगळ्यांना मिळेल, ही माझी हमी. ज्यांना तेवढीच हवी असेल त्यांनी खुशाल जावं. जबरदस्तीनं नीती शिकवणं मला जमत नाही."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मागच्या बाकावरचा एक जण उठला, नम्रपणे हात जोडून बाहेर पडला. प्रोफेसरांनीही त्याला हसून नमस्कार केला. त्यानंतर रांगच लागली. आठवड्याभरात बाकीचे सगळे रामनिवास बागेत ऊन खायला जाऊ लागले आणि वर्गात तिघं उरलो.

मी उरले, कारण असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरी होती जुन्या शहरातल्या एका जवाहिऱ्याची मुलगी. घरच्या तांग्यातून यायची, आणि तांगा परत न्यायला येईपर्यंत तिला जायला दुसरी जागाच नव्हती. तिसरा शेखावाटीतल्या खेड्यातून आलेला उंच, हडकुळा मुलगा. त्याला तहसीलदार व्हायचं होतं, आणि त्या परीक्षेत फिलॉसफीला मार्क चांगले पडतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

प्रोफेसर खुर्ची ओढून आमच्यातच बसायचे. पुस्तक कधी उघडायचे नाहीत, नुसते प्रश्न विचारायचे. "तुम्ही इथं बसावं म्हणून ज्यांनी कर भरला, त्यातले बहुतेक या इमारतीत कधीच येणार नाहीत. त्यांचं तुम्ही काही देणं लागता का?"

एकदा त्यांनी विचारलं, शिकलेल्या माणसानं आपल्या गावी परत जायला हवं का? त्यावर तो उंच मुलगा भडकलाच. "सर, गाव सुटावं म्हणून तर मी शिकतोय! शहरातल्या शिकलेल्यांना कुणी म्हणतं का, की आपल्या गल्लीतच राहा?" तीन दिवस वाद चालला. चौथ्या दिवशी प्रोफेसर येताच म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी रात्रभर विचार केला." आम्हाला आपण मोठं मैदान मारल्यासारखं वाटलं. मात्र प्रत्येक वादाच्या शेवटी तो मुलगा काकुळतीला येऊन विचारायचा, "सर, ये इम्तिहान में आएगा?"

"नाही येणार," प्रोफेसर आनंदानं सांगायचे.

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं रंगवून सांगायची. आई म्हणायची, "मतलब, तुमचे सर पगार घेऊन नुसत्या गप्पा मारतात?" जयपूरला आल्यापासून तिच्या प्रत्येक वाक्याला 'मतलब' चिकटला होता. बाबा हात वाळेपर्यंत ताटावर बसून ऐकायचे.

मग पहिल्या वर्षाचा निकाल लागला. बागेत ऊन खाणाऱ्यांनी शेवटच्या महिन्यात 'चौडा रास्ता' बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांतून गाइडं आणली होती. ते झाडून सगळे सेकंड क्लासात. मी आणि जवाहिऱ्याची मुलगी थर्ड क्लास. तो मुलगा तर नीतिशास्त्राच्याच पेपरात नापास!

तिघं मिळून प्रोफेसरांच्या घरी गेलो. त्यांनी आमच्यापुढं बेलाचं सरबत ठेवलं. त्या मुलानं पेल्याला हात लावला नाही. म्हणाला, "सर, तुमच्याकडं मी जे शिकलो ते मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं. पण ते माझ्या बापाला कसं दाखवू? गावात तो वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलाय."

प्रोफेसरांनी आपलाही पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी तुम्हाला जायची मोकळीक दिली. पण राहिलेल्यांना काय हवंय, ते विचारलंच नाही. ते मीच परस्पर ठरवून टाकलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणी सुरू केली, फी न घेता. त्यांच्या घराचं पत्र्याचं छप्पर मे महिन्यात तापायचं, म्हणून वर्ग आमच्या व्हरांड्यात भरू लागला. आई वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडायची, आणि त्या गार वासात प्रोफेसर अभ्यासक्रम शिकवायचे. शिकवायचे मात्र अगदीच रटाळ! व्याख्या, मुद्दे, टीका, पुन्हा व्याख्या. ते स्वतःच मधूनमधून जांभया द्यायचे.

एका रविवारी पेपर वाचायचं सोंग करून बसलेल्या बाबांना राहवलं नाही. "प्रोफेसरसाहेब, मला साधं सांगा, शिकून नोकरी लागावी असं म्हणण्यात कमीपणा काय आहे?"

"काहीच नाही," प्रोफेसर एकदम ताठ बसले. "पण नोकरी लागल्यावर शिक्षण संपलं म्हणायचं का?"

झालं, दोघांची जुंपली. तो मुलगा बाबांच्या बाजूनं, मी प्रोफेसरांच्या. जवाहिऱ्याची मुलगी कधीच मध्ये पडायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही सगळे शिकून कुठंतरी पोचायचं बोलताय. मला कुठंच पोचायचं नाहीये. मला फक्त इथं बसायचंय. माझ्याशी घरात इतका वेळ कुणी बोलत नाही."

 आई आतून आली आणि तिच्या हातात खरबुजाची बशी देऊन शेजारीच बसली. त्या दिवसापासून आईही रोज आमच्यात बसू लागली.

मुलगा पुरवणी परीक्षेत सुटला. पुढं सरकारी नोकरीत लागला, तहसीलदार नव्हे पण सहकार खात्यात. जवाहिऱ्याच्या मुलीचं लग्न फायनलच्या वर्षात ठरलं. परीक्षा होईपर्यंत लग्न नाही, असं तिनं घरात सांगितलं आणि कुणाला वाटलं नव्हतं पण ते तडीला नेलं. मला सेकंड क्लास मिळाला. नव्या वर्षापासून प्रोफेसर अर्धा तास पुस्तक शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पुस्तक मिटून बोलायचे. जायची मुभा तेव्हाही होती, पण आता ते आधी प्रत्येकाला विचारायचे, तू कशासाठी आलास?

दोन वर्षांनी बाबांची नागपूरला बदली झाली. प्रोफेसर स्टेशनवर आले, ते निरोप द्यायला असं आम्हाला वाटलं. पण शिक्षणाचा खर्च सरकारनं करावा की ज्यानं त्यानं, यावर दोघांचं प्लॅटफॉर्मवरच पेटलं. गार्डची शिट्टी झाली तरी बाबा खिडकीतून सांगतच होते, "ते ठीक आहे, पण खेड्यातल्या माणसानं कर का भरावा?" प्रोफेसर गाडीबरोबर चालत उत्तर देत होते. गाडीच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. "काय म्हणाले?" बाबांनी आम्हाला विचारलं. अलवर स्टेशन येईपर्यंत प्रोफेसर काय म्हणाले असतील याचाच आम्ही खल करत होतो.