भायासमोर फुंकायचं कसं?

"रुक्मिणबाई, फुंका! अजून! अजून! थांबू नका!"

डॉक्टर मॅडम ओरडत होत्या आणि रुक्मिण चहा गार करावा तशी फुंकत होती.

सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये आमचा कॅम्प होता. कापसाच्या धुळीनं श्वासावर काय परिणाम होतो, याचा मॅडम अभ्यास करतात. बायकांना खुर्चीवर बसवणं, नाकाला चिमटा लावणं, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला शिकवणं, ही कामं माझी.

मशिनी दोन. पहिलीत छाती भरून जोरात फुंकायचं. हवा किती आणि किती वेगानं बाहेर येते ते ती मोजते. दुसरीची नळी जवळजवळ बंद असते. तिच्यातून हवा ओढायची, म्हणजे छातीचा जोर कळतो. त्याला प्रेशर म्हणतात. रुक्मिणचं रीडिंग दोन्हीकडे कमी आलं.

"छातीत जोरच नाही," मॅडम म्हणाल्या. "काम थांबवा असं लिहावं लागेल."

रुक्मिणचा चेहरा उतरला. ती वालूरहून रोज इथं कामाला येते. हे काम सुटलं तर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जावं लागणार, आणि मुलगी यंदा दहावीला.

तिनं माझा हात धरला. "ताई, आणखी एकडाव बघा म्हणावं. रांगेत आमचे भाया बसल्यात. त्यांच्याम्होरं गाल फुगवून कसं फुकावं वो?"

भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, तोही याच जिनिंगमध्ये कामाला. त्याच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, बोलायचं तर दुसऱ्याच्या तोंडून. मला चारचौघांत बोलणं जमत नाही. मी मॅडमच्या कानाशी जाऊन सांगितलं.

मॅडमनी रांगेकडे पाहिलं. "काका, जरा बाहेर थांबता?"

"का? तिच्या फुकण्यानं मी उडून जायलोय का काय?" भाया म्हणाले. बायका हसल्या. ते टोपी सारखी करत उठले आणि दाराबाहेर गेले.

रुक्मिणनं पदर कमरेला खोचला. दुसऱ्या मशीनवर तिनं अशी हवा ओढली की आकडा पार वर गेला.

"आगं, नळी गिळशील!" मागून एक बाई म्हणाली.

मग पहिली मशीन. सगळ्याच बायका "फुक, फुक" करायला लागल्या. रुक्मिण लालबुंद झाली. तीनदा फुंकली. तिन्ही ग्राफ सारखे आले, आणि तिन्ही कमी.

मला वाटलं होतं, लाज गेली की सगळं ठीक निघेल.

"छातीचा भाता चांगला आहे, श्वासाची नळी आखडलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पंपातून औषध ओढायला दिलं, थोडं थांबवून पुन्हा फुंकायला लावलं. आता आकडा चढला.

"काम बंद करू नका. पंप रोज घ्या. पण धुळीपासून लांब राहा."

"जिनिंगमधी धुळीपासून लांब कुठं ऱ्हातेत मॅडम?"

दाराबाहेरून भायांचा आवाज आला. "बाहेरच्या शेडमधी पोती शिवायला बाई पायजे. मी मुकादमाला बोलतो. ताई, सांगा तिला."

तिनं ऐकलं होतं. तरी मी सांगितलं.

रुक्मिण आता शेडमध्ये पोती शिवते. खोकला आहे, पण कमी. मुलगी शाळेत जाते. आम्ही बायकांची तपासणी आता वेगळ्या खोलीत घेतो, कारण लाज आणि आजार, दोन्हींचा आकडा मशीनवर सारखाच दिसतो.