केलमधल्या दोन रात्री

ट्रिपचं प्लॅनिंग बायकोनं करायचं आणि मी त्यातल्या चुका काढायच्या, ही आमच्या घरातली जुनी वाटणी. मागच्या वर्षी तिनं युरोपचा बेत मांडला तेव्हाही तसंच झालं. पॅरिसला उतरून गाडी भाड्यानं घ्यायची, स्ट्रासबर्गपर्यंत जायचं, ऱ्हाईन ओलांडून जर्मनीत शिरायचं, ब्लॅक फॉरेस्टचा डोंगररस्ता धरायचा, तिथून ल्यूसर्न, आणि परतताना कोलमारचे द्राक्षमळे. दहा दिवस, तीन देश. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात नागपूरला गेलो असताना अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर नव्यानं लागला होता, म्हणून हे धाडस. नाहीतर अमेरिकेत व्हिसावर राहणारी आमच्यासारखी माणसं रेडमंडबाहेर पडतानाही आधी वकिलाला विचारतात.

तिनं शीट शेअर केली. मी सकाळी बसमध्ये बसून ती फोनवर वाचायचो. सगळं ठीक होतं. फक्त स्ट्रासबर्गनंतर रविवार आणि सोमवार, अशा दोन रात्री केल नावाच्या गावात होत्या. केलं, केली, केल्यातलं केल. नकाशात पाहिलं तर स्ट्रासबर्गच्या समोर, नदीच्या जर्मन काठावर एक छोटं गाव. पाहण्यासारखं फारसं काही दिसेना.

"हे केल कशासाठी?" मी संध्याकाळी विचारलं.

"स्ट्रासबर्गमध्ये पार्किंग मिळत नाही," ती पोळी उलटत म्हणाली.

"मग एक रात्र पुरे की. सोमवारी सकाळी निघू."

"बघू."

दुसऱ्या दिवशी शीटमधून केल नाहीसं झालं. पुढच्या आठवड्यात परत आलं. कुणी कधी काय बदललं ते शीटमध्ये दिसतं. मी ते उघडून बसलो. केल पाच वेळा घातलं होतं, चार वेळा काढलं होतं, आणि प्रत्येक वेळी बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. बुधवारी ती घरून काम करते.

एकदा शंका आली की माणसाला सगळीकडे पुरावे दिसायला लागतात. ती भाजी चिरताना कानात इयरफोन घालून काहीतरी पुटपुटायची. मी आलो की थांबायची. केलमध्ये हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट निवडला होता. ट्रिपच्या बॅगेत तिनं काळा ब्लेझर ठेवलेला मला दिसला. द्राक्षमळ्यांत ब्लेझर कशाला लागतो?

आणि मग मला तो आठवला. पुण्याच्या कॉलेजातला तिचा वर्गमित्र. लग्नाआधी तिनंच सांगितलं होतं की त्यानं तिला विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. तो जर्मनीत असतो, एवढं मला ठाऊक होतं. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं फेसबुक शोधलं. डोंगरात सायकल घेऊन उभा. कुठला डोंगर ते कळेना, म्हणून फोटो मोठा करून मागची पाटी वाचायचा प्रयत्न केला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "क्या देख रहा है यार, इतना ध्यान से?" मी फोन पालथा ठेवला. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आणि त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली. पण थांबलो नाही.

पुढच्या बुधवारी मी डोकं दुखतंय असं मॅनेजरला कळवलं आणि साडेदहाची बस धरून घरी आलो. पाऊस होता. मागच्या दारानं, बूट हातात घेऊन आत गेलो. वरच्या खोलीतून पुरुषाचा आवाज येत होता. तो काहीतरी म्हणाला, आणि माझी बायको अडखळत, लाजल्यासारखं हसत त्याला उत्तर देत होती. मला एक शब्दही कळला नाही.

मी दार ढकललं.

लॅपटॉपवर पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ होते, मागे पुस्तकांचं कपाट. बायकोच्या समोर वही होती. वहीत डावीकडे जर्मन वाक्यं, उजवीकडे मराठी अर्थ. 'मी रक्त तपासण्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासते.' 'माझी मुलगी दहावीत आहे.' म्हाताऱ्या मास्तरांनी माझ्याकडे पाहून अदबीनं मान हलवली. माझ्या हातात ओले बूट होते.

तिनं क्लास बंद केला आणि खुर्ची वळवली.

"कुणाला पकडायला आला होतास?"

मी खोटं बोलू शकलो असतो, पण सुचलं नाही. वर्गमित्राचं नाव घेतलं. तिनं वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"एकोणीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," ती म्हणाली. "तुला हे सुचलं?"

मग तिनं सांगितलं. केलमध्ये प्रयोगशाळांची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. फोनवर दोन मुलाखती झाल्या होत्या, तिसरी समोरासमोर, सोमवारी.

"सहा वर्षांनी पोरगी एकवीसची होईल," ती म्हणाली. "मग आपल्या व्हिसावर ती इथे राहू शकणार नाही. तोपर्यंत आपला ग्रीन कार्डचा नंबर लागेल?"

लागणार नाही, हे मला माहीत होतं. मी दर महिन्याला सरकारची नंबरांची यादी बघतो आणि तो विषय घरात काढत नाही.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कारणं काढली असतीस. भाषा, थंडी, तुझे आईबाबा, तिची शाळा. महिनाभरात मीच गप्प बसले असते. दर बुधवारी वाटायचं, आज सांगावं. मग धीर व्हायचा नाही आणि केल काढून टाकायचे."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

मुलीला इतक्यात सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. ट्रिप ठरल्याप्रमाणे झाली. त्या सोमवारी काळा ब्लेझर घालून ती चालत गेली आणि मी मुलीला, आईला जरा झोपू दे, असं सांगून पायी पुलावर घेऊन गेलो. ऱ्हाईनवरचा तो पूल फक्त पादचारी आणि सायकलींचा. अलीकडे जर्मनी, पलीकडे फ्रान्स. माझ्या गळ्यात शर्टाच्या आत पासपोर्टची पिशवी होती आणि त्यावर माझा हात. कुठून तरी पोलीस येईल, कागद मागेल, कागदात काहीतरी निघेल, असं सारखं वाटत होतं. एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन गेली. दोन म्हातारे पावाची पिशवी घेऊन फ्रान्समधून घरी येत होते.

"दॅट्स इट?" मुलगी पलीकडे पोचल्यावर म्हणाली. "नोबडी चेक्स?"

"नाही बहुतेक."

ती परत जर्मनीत गेली, परत फ्रान्समध्ये आली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू होल्डिंग युअर चेस्ट?"

तीन आठवड्यांनी रेडमंडला पत्र आलं. नोकरी मिळाली होती. मुलीला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं: त्या सोमवारी आई खरंच झोपली होती का?

बायकोनं खरं ते सांगितलं.

"सो यू बोथ लाइड," मुलगी म्हणाली आणि वर निघून गेली. चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी खाली आली आणि तिथल्या शाळेत ऑर्केस्ट्रा आहे का, असं विचारलं. ती व्हायोलिन वाजवते. ऑर्केस्ट्रा आहे की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. बायकोनं शाळेला ईमेल लिहिला, मुलीनं तो पाठवण्याआधी पूर्ण वाचला.

बायको जानेवारीत रुजू होणार आहे, मी आणि मुलगी शाळेचं वर्ष संपल्यावर जाणार. सध्या मुलगी आमच्यावर नजर ठेवून असते. मी फोनवर हळू बोललो की विचारते, कोण होतं. पत्रपेटीतली पाकिटं आधी ती उघडते. परवा मी डेंटिस्टकडे निघालो होतो, तर तिनं अपॉइंटमेंट दाखवायला लावली. मी दाखवली.