केवळरामचं नाक

पवनीच्या बाजारात चंद्रभान पेंटरची टपरी होती. दुकानांच्या पाट्या, बैलबंड्यांवरचे मोर ही रोजची कामं. पण नाव झालं ते मेलेल्यांच्या तसबिरींनी. खेड्यात तेव्हा फोटो काढलेला माणूस विरळाच. कोणी गेलं की तेरवीच्या आत घरचे यायचे, चंद्रभान विचारायचा, ते सांगायचे आणि सांगण्यावरून चेहरा उभा राहायचा.

त्र्याहत्तर साली गोदावरीबाईचा नवरा केवळराम गेला, तेव्हा मात्र सांगणंच अडलं.

"नाक कसं होतं, बाई?"

"चांगलं होतं जी."

"सरळ का बसकं?"

"माणसाच्या नाकावानी होतं," म्हणत तिनं पदरात तोंड घातलं.

तेरवी उद्यावर आलेली. चंद्रभाननं खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढला आणि आपलंच नाक केवळरामला देऊन टाकलं. नाकामागून कपाळ गेलं, हनुवटी गेली. गोदावरीबाई तसबीर छातीशी धरून घरी गेली.

नऊ वर्षांनी ओल लागून रंग सुटला, म्हणून ती तसबीर घेऊन आली. नेमके त्याच दिवशी नागपूरहून एका संग्रहालयाचे साहेब आले. गावोगावच्या पेंटरांनी स्वतःच्याच चेहऱ्याची काढलेली चित्रं ते गोळा करत होते. त्यांनी तसबीर पाहिली, चंद्रभानला पाहिलं.

"वा! हे तर तुम्हीच. हेच द्या."

चंद्रभानचा ब्रश थांबला. गावभर पाट्या त्याच्या, पण नाव एकीवरही नव्हतं. ते आता संग्रहालयाच्या भिंतीवर लागणार होतं, नुसतं 'हो' म्हणायची खोटी. पण समोर गोदावरीबाई बसलेली. नऊ वर्षं फुलं वाहिली ती कोणाला, हे तिला कोण सांगणार?

"नाही साहेब. हे केवळराम. या बाईचे मालक."

"पण नाक तर हुबेहूब तुमचं!"

"आमच्या इकडं लय जणांचं असंच रायते जी."

साहेब हसले. "मग तुमचं काढून ठेवा. पंधरा दिवसांनी येतो."

जीप गेली. चंद्रभान आरसा समोर ठेवून बसला. कोळशानं जे काढावं, तो केवळरामच.

"काहून थांबले, भाऊ?"

"नाक जमून नाही राहिलं."

"मी सांगू?" गोदावरीबाईनं डोळे मिटले. "मधात हाड वर आलेलं. शेंडा जरासा डाव्या अंगाले. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं."

"मले कुठं बैलानं..." चंद्रभाननं कोळसा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुमाले ठाऊक होतं?"

"तेव्हा त्यायचा चेहराच डोळ्यापुढं येत नव्हता. वर्षभरानं आला. तोवर पोरायनं या तसबिरीलेच बाप म्हटलं होतं." तिनं पदरानं काच पुसली. "हे नाक असंच राहू द्या. त्यायचं तुमच्या चित्रात काढा."

चंद्रभाननं काढलं.

नागपूरचं संग्रहालय पाहून आलेले गाववाले म्हणायचे, "पेंटर, बाकी तुम्हीच, नाक तेवढं फसलं."

"जन्मात तेवढंच एक बरोबर आलं जी," चंद्रभान म्हणायचा आणि पाटीकडे वळायचा.