चारच माणसांचं कुटुंब

कार्डावर छापलं होतं, ‘सहकुटुंब अवश्य यावे’. आता सहकुटुंब म्हटल्यावर नागपूरचा माणूस काय करतो? घरात असतील तेवढ्यांना घेऊन निघतो. त्या रविवारी आमच्या घरात आठ जण होते, म्हणून तीन सायकलरिक्षा करून आम्ही आठ जण रामदासपेठेतल्या त्या हॉटेलात गेलो. मी, बायको, दोन मुलं, आई, आणि वरुडहून आलेले काका, काकू आणि त्यांची सून. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वीच झालं होतं, त्यामुळे एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पण फुकट नाश्ता आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “एका डोळ्यानं पाहीन गा, मले घरी नको ठेवू.”

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. थंड हवेच्या ठिकाणी एक आठवडा विकत घ्यायचा, ही कल्पना तेव्हा नागपुरात अगदी नवी होती. घर नाही, खोली नाही, आठवडा! दरवर्षी तोच आठवडा तुमचा, तुमच्या मागं तुमच्या मुलांचा. त्याला टाइमशेअर म्हणतात हे मला त्या कंपनीचं निमंत्रणाचं कार्ड येईपर्यंत ठाऊक नव्हतं. कार्ड आल्यावर मात्र मी ऑफिसात दोघांना ते समजावूनही सांगितलं.

दारात टाय लावलेला एक पोरगेला माणूस उभा होता. मुंबईचा असावा. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मागं आणखी कोणी आहे का ते पाहिलं आणि म्हणाला, “सर, कुटुंबासह म्हणजे... मिसेसना घेऊन, असं होतं.”

“मग हे कोण आहेत?” मी विचारलं. “मोर्चा?”

बिचाऱ्यानं खुर्च्या मागवल्या. कांद्याची भजी आली, काकांनी दोन बश्या संपवल्या आणि भिंतीवर प्रोजेक्टरची चित्रं दिसू लागली. चिखलदऱ्याचं धुकं, दरी, गच्चीवर उभं एक जोडपं, लाल चेंडू धरलेली दोन गोरी मुलं. शेवटी टेबलावर इमारतीचा छोटा नमुना ठेवला, झाडांच्या जागी हिरवा रंगवलेला कापूस. टायवाला म्हणाला, “आमच्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि बारा वर्षांखालची दोन मुलं. एकूण चार.”

आई पटकन म्हणाली, “मंग मी कोण गा?”

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. माझ्या मनात सौदा तिथंच मोडला होता. चार माणसांना कोणी कुटुंब म्हणतं का? चार माणसं तर आमच्याकडे नुसती न्हाणीघरासमोर रांगेत असायची.

कारण आमचं घर धंतोलीत. नागपूरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. आजूबाजूला सगळे दवाखाने. वणी, पुसद, वरुड, कुठंही कोणाला मूतखडा झाला की पेशंट दवाखान्यात आणि त्याच्याबरोबरची चार माणसं आमच्याकडे. वर मीच स्टेशनावर छाती काढून म्हणायचो, “घर आहे नं आपलं, लॉजमध्ये काहून राहता?” माझं काम तिथं संपायचं. बायकोचं सुरू व्हायचं. एकाचा डबा बिनमिठाचा, दुसऱ्याचा बिनतेलाचा, तिसऱ्याला दूधभात. मे महिन्यात दवाखाने जरा ओसरले की माझ्या दोघी बहिणी मुलांना घेऊन माहेरपणाला हजर. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्या चौदा वर्षांत आम्ही चौघंच जेवायला बसलो, असा एक दिवस मला आजही आठवत नाही. मला हे सारं फार गोड वाटायचं. पोळ्या मला लाटाव्या लागत नव्हत्या.

तर हॉटेलात, टायवाल्यानं “काही प्रश्न?” असं विचारलं आणि मी घसा साफ करतोय तोवर माझी बायको बोलली. चारचौघांत ती कधी बोलत नसे.

“पाचवा माणूस आला तर?”

टायवाला गडबडला. त्याला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. “मॅडम, सॉरी. पाचव्याला परवानगी नाही.”

“मुक्कामाला नाही, नुसता भेटायला आला तर?”

“गेटवर थांबावं लागेल.”

“यांचे सख्खे काका आले तर?”

काकांनी चांगला डोळा तिच्याकडे वळवला. टायवाला अगदी रडवेला झाला. “मॅडम, सख्खा भाऊ आला तरी नाही. नियम कडक आहे.”

“नक्की?” ती म्हणाली, आणि टेबलावरचा, नियम आणि इमारतीचा नकाशा छापलेला कागद तिनं नीट चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला. मी समजलो, पोरांना उलट्या बाजूला चित्रं काढायला नेत असेल. माझी समज तेवढीच.

घरी आल्यावर मी निकाल जाहीर केला. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस, त्यामुळे इमारतीबद्दल कोणी खोटं बोललं तर मला लगेच वास येतो. म्हटलं, एक, ती इमारत अजून कापसाच्या झाडांतच आहे. दोन, नकाशात सोळा न्हाणीघरं आहेत आणि पाण्याची टाकी कुठंच नाही. मे महिन्यात चिखलदऱ्याला पाणी काय टायवाला डोक्यावरून आणणार? तीन, दरवर्षी तीच दरी पाहायची, आणि एखाद्या वर्षी गेलो नाही तरी देखभालीचा खर्च भरायचा. असला आठवडा आपल्यासारख्या घराला परवडत नाही आणि शोभतही नाही. आज इतक्या वर्षांनीही त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही.

बायको कणीक मळत होती. म्हणाली, “मले पाहिजे तो.”

“काय?”

“आठवडा.”

“अवं, तिथं स्वयंपाकघर आहे! तिथंही तूच रांधशील. मग सुट्टी कसली?”

“चार माणसांचा स्वयंपाक असते का?” ती म्हणाली. “दोन वाट्या भात लावला की झालं. कोणाले मीठ, कोणाले तेल, काही पाहायचं नाही. आणि दारावर थाप पडली की उतरवलेली कढई पुन्हा चढवावी लागणार नाही.”

“मग सांगत जा ना लोकांना, जमत नाही म्हणून.”

तिनं मळायचं थांबवलं. “तुम्ही सांगाल?”

नाही म्हणणं आमच्या घराण्यात कोणाला शिकवलेलंच नव्हतं.

“मलेही नाही सांगता येत,” ती म्हणाली. “म्हणून तर तो कागद पाहिजे. आपण नाही म्हणायचंच नाही. कागद म्हणते.”

चौदा वर्षांत तिनं माझ्याकडे साडीसुद्धा मागितली नव्हती. आता मागितली ती नेमकी पाण्याची टाकी नसलेली इमारत. पुढचे आठ दिवस मी तो नकाशा उलटासुलटा करून पाहिला, कुठं कोपऱ्यात टाकी सापडते का म्हणून. नाही सापडली. ती मात्र डबे भरत राहिली. काका पट्टी काढून वरुडला परतले आणि त्यांच्या जागी वणीची दोन माणसं आली.

शेवटी तोडगा काढला आईनं. अंगणातल्या खाटेवर बसून ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “घेतलं म्हणून सांग नं.”

“न घेता?”

“हाव. कोण पाहायला येऊन राहिलं? गेटवरूनच तर परत करतात.” मग सुपावरून नजर न काढता म्हणाली, “मी या घरात चाळीस वर्षं केलं. मले कोणी असा कागद नाही दाखवला. दाखवला असता तर मी बी म्हटलं असतं, आठवडा पाहिजे.”

“आणि तू? तू चल की आमच्याबरोबर. आपल्याला खरा नियम थोडीच आहे.”

“त्या थंडीत पापड वाळतात का? मे महिन्याचं ऊन सोडून मी नाही येत. तुमचं तुम्ही जा.”

असं आम्ही टाइमशेअर घेतलं. म्हणजे नाही घेतलं. मे महिन्याचा पहिला आठवडा आमचा, चारच माणसं चालतात, नियम फार कडक, असं सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डांवर कळवलं. हे आता छापून येणार म्हणून थोडी धाकधूक आहे. पण आमच्या नात्यात मी लिहिलेलं कोणी वाचत नाही, हा अनुभव पक्का आहे.

चिखलदऱ्याला एका निवृत्त मास्तरांच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. अंगणात पाण्याचं टाकं होतं, ते मी आधी पाहून घेतलं. पहिल्या दिवशी बायको सकाळी आठला उठली. मला वाटलं, ताप आला. तिनं चहा केला, दोन वाट्या भात लावला, वरण लावलं आणि पायरीवर जाऊन बसली. दुपारी पुन्हा बसली. काही वाचत नव्हती, विणत नव्हती. पोरं येऊन विचारायची, “आई, काय करून राहिली?” ती म्हणायची, “काही नाही.” हे उत्तर ती दिवसातून पाच-सहा वेळा देत होती आणि दर वेळी ते तिला नव्यानं आवडत होतं.

मी मात्र चौथ्या दिवशी कासावीस झालो. बोलायला माणूस नाही, चहाला कोणी टपकत नाही. मग बाजारात अमरावतीचे एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांचा मेहुणा आमच्याच कचेरीत निघाला. मी म्हणून गेलो, “चला ना संध्याकाळी जेवायला. सगळेच या.” घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं उठून तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मुठी मोजायला लागली, चार, सहा, आठ. तिच्या खांद्यांना मी चौदा वर्षं रोज पाहत होतो, पण ते डबा उघडताना असे खाली येतात हे त्या दिवशी दिसलं.

मी चप्पल घालून पुन्हा बाजारात गेलो. त्या गृहस्थांना गाठून म्हटलं, “माफ करा, आमच्याकडे पाचव्या माणसाला परवानगी नाही. नियम आहे.” जन्मात पहिल्यांदा मी कोणाला तरी नाही म्हणालो. ते चकित झाले. मीही झालो. रस्त्यावरून परतताना मात्र मला विनाकारण शीळ घालावीशी वाटत होती.

त्यानंतर दरवर्षी आम्ही आमच्या आठवड्याला जातो. बाकी एकावन्न आठवडे धंतोलीचं घर जसं होतं तसंच आहे, आणि त्याबद्दल बायकोची तक्रार नाही.

गेल्या दिवाळीत थोरल्या बहिणीचे यजमान फराळाला बसले असताना म्हणाले, “काय साळेबुवा, ते तुमचं टाइमशेअर म्हणे फार सोयीचं आहे. मीही एक घेऊन टाकतो. तोच आठवडा अन् शेजारची खोली मिळाली तर पाहा, म्हणजे तुम्ही आणि आम्ही लागून राहू.”

मी हातातली चकली ताटात परत ठेवली. खरं सांगावं तर आठवडा गेला. घ्या म्हणावं तर हा सज्जन माणूस माझ्या शब्दावर पाण्याची टाकी नसलेली इमारत घेऊन बसेल. बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

“भाऊजी,” मी म्हणालो, “चुकूनही घेऊ नका. पाणी नाही, दरवर्षी तीच दरी, आणि नाही गेलं तरी खर्च भराच.”

“मग तुम्ही काहून जाता दरवर्षी?”

“सही करून बसलो नं! आता जावंच लागते.”

भाऊजींनी मान हलवली. त्यांना पटलं. सरकारी माणूस सही करून फसतो यावर त्यांचा आधीपासून विश्वास होता. बहिणीला मात्र फार वाईट वाटलं. तिनं माझ्या बायकोचा हात धरला.

“काय वं वहिनी, यानं तुले कुठं अडकवलं. दरवर्षी तिथंच, अन् तुम्ही चौघंच?”

“काय करता, ताई,” बायको म्हणाली, आणि ट्रे खाली ठेवून कप मोजू लागली. “सही केली नं यांनी.”