अण्णाचे तळहात

लिहिण्याची सवय मला कधीच नव्हती, आणि या वयात ती लागेल असेही वाटत नाही. तरीही माझ्या थोरल्या भावाच्या हातांविषयी कुणीतरी लिहून ठेवायला हवे, आणि आता माझ्याखेरीज ते पाहिलेले कुणी उरलेले नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मद्रासच्या एका कारखान्याने अण्णाला लोखंडाचे ओतकाम शिकायला जर्मनीला पाठवले. तो इंजिनियर होता. आप्पा कुंभकोणमच्या कचेरीत कारकून. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तंजावरच्या दरबारात लेखणीच चालवलेली. मुलगा साहेब होऊन परतणार, असे ते देवळात भेटेल त्याला सांगत.

अण्णा परतला तो तळहातांवर घट्टे आणि मनगटावर पोळल्याचा डाग घेऊन. तो आनंदात होता. निरोपाच्या दिवशी तिथल्या उस्तादाने त्याचे घट्टे अंगठ्याने दाबून पाहिले होते आणि चारचौघांना बोलावून ते दाखवले होते. हा उस्ताद रस्त्याने निघाला की बँकेचा मॅनेजर त्याच्यासाठी टोपी काढी, हे अण्णाने आम्हांला कितीदा तरी सांगितले.

आप्पा एवढेच म्हणाले, "ओतकामच शिकायचे होते, तर स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्यांकडे जाणारी बस आपल्या कोपऱ्यावरून सुटते."

आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीचे वडील मुलाच्या तळहाताला चंदनाची उटी लावीत. त्यासाठी तंजावरहून एक निवृत्त शिरस्तेदार आले. पत्रिका जुळल्या होत्या. चंदन मीच उगाळले होते. उटी लावता लावता त्यांचे बोट थांबले.

"हे काय?"

"भट्टीवर काम करतो."

"म्हणजे देखरेख करता?"

"नाही. ओततो."

"पदवी घेऊन?"

"पदवी घेतल्यावर," अण्णा म्हणाला. तो हसत होता. दुसरे कुणी हसले नाही.

पाहुण्यांनी कॉफी अर्धी ठेवली. दोन दिवसांनी निरोप आला की पुन्हा पाहता पत्रिका जुळत नाहीत.

त्या संध्याकाळी आप्पांनी त्याला समोर बसवले. "कारखान्यात तुला टेबल देत नाहीत काय?"

"देतात."

"मग?"

"टेबलावर काय ओतू, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडे बोट केले. "उद्या हिला पाहायला येतील आणि विचारतील, भाऊ काय करतो. काय सांगू?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. मद्रासला परतल्यावर त्याने टेबल मागून घेतले.

वर्षभराने दुसरे स्थळ आले. मुलीच्या वडिलांनी चंदन लावले, तळहात निरखला आणि समाधानाने म्हणाले, "ऑफिसराचा हात. लोण्यासारखा." आप्पा कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसले. अण्णानेही मान डोलावली.

पाहुणे गेले तेव्हा उटी वाळून भेगाळली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "तेवढेच काहीतरी हाताला लागले आहे."

त्याच वर्षी आधी त्याचे आणि मागोमाग माझे लग्न झाले. माझ्या सासऱ्यांनी त्याची चौकशी केली तेव्हा आप्पांनी हुद्दा सांगितला. अण्णा शेजारीच बसला होता, हात उपरण्याखाली घेऊन.